गाळलेली चार पानं

बाबांना ऐंशी वर्षं आठ महिने झाले, म्हणून रविवारी सहस्रचंद्रदर्शन. आमच्या ओळखीतल्या इंदुरी मराठी घरांत हा विधी आत्मचरित्राशिवाय होत नाही. पाहुण्यांना ते पेढ्यांच्या डब्यासोबत मिळतं आणि ते डबा तेवढा उघडतात.

शेजारची शर्वरी मात्र ही पुस्तकं गोळा करते. कुठलं कुटुंब कुठून कुठे पोहोचलं, यावर तिची पीएचडी आहे. तिच्याकडे चाळीस जमलीत आणि चाळीसच्या चाळीस पुस्तकांत पणजोबा संस्थानच्या दरबारात. एवढे लोक आत होते तर दाराशी कोण उभं राहायचं, कोण जाणे.

बाबांनी वहीत खरं लिहिलं होतं. ते आठ वर्षांचे असताना वडील गेले. आई, म्हणजे माझी सुलोचना आजी, मल्हारगंजात तीन घरी पोळ्या लाटायची. तिच्या जिवावर ते शिकले आणि विसाव्या वर्षी मिलमध्ये कारकून झाले. टाइप करताना आजीची ती चार पानं मी गाळली. रविवारी मधुवंतीचे होणारे सासू-सासरे येणार होते आणि त्यांचेही पणजोबा दरबारातलेच. मुलीच्या बापाने काय करावं?

बुधवारी छापखान्यातून पहिली प्रत आली. शर्वरी ती बघायला आली, तर बाबा म्हणाले, "मला आता अक्षर दिसत नाही. वाच जरा."

ती वाचत गेली. बाबा मान डोलवत होते. मिलची नोकरी आली तसा त्यांनी हात वर केला.

"आई राहिली."

शर्वरीने पानं मागेपुढे केली. "आजोबा, यात तो नाहीयेत त्या. वडील गेले आणि सीधे नोकरीच लागली."

"मग मधली बारा वर्षं मी जेवलो कुठे?"

मी उगाच पंखा वाढवला. मग म्हणालो, "मी गाळलं, बाबा. व्याही येणार म्हणून."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "रविवारी त्या पुस्तकातल्या माणसाला ओवाळा. मी त्याला ओळखत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजीच्या हातच्या पोळ्या मीही दहावीपर्यंत खाल्ल्यात. गॅलरीत जाऊन छापखान्यात फोन लावला, चार पानं वाढवायचीत म्हणून सांगितलं.

"दो सौ की बाइंडिंग हो गई, भिया."

"खोल दो," मी म्हटलं.