सुतळीच्या दोन गाठी

कोल्हारहून निघालेली एसटी नगरला पोचली तरी आसाराम खर्ड्याचा हात खिशातून निघाला नव्हता. खिशात सुतळीचा गुंडा होता. होणाऱ्या जावयाच्या पायाचं माप. वैशाखात त्याच्या पोरीचं, पुष्पावतीचं लग्न होतं. जावई गोरक्षनाथ केडगावचा, नागापूरला नव्यानंच उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात कामाला. लग्नात त्याला सायकल द्यायची हे बैठकीतच ठरलं होतं. सायकल तीन मापांत येते असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा आसारामनं केडगावला निरोप धाडला, पायाचं माप पाठवा. चपलेचं माप सुतळीनं येतं, बांगडीचं येतं, मग सायकलीचं न यायला काय झालं?

माप आलं होतं, पैसे कनवटीला होते, तरी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरगी दाखवायच्या दिवसापासून मनात पाल चुकचुकत होती आणि कारण सापडत नव्हतं. त्या दिवशी पाटाच्या पाण्याची पाळी त्याची होती. तो शेतातून घरी आला तेव्हा पाहुणे घोंगडीवर बसलेले होते. पोरगा देखणा, बोलायला मऊ. मग पोराचा मामा म्हणाला, चला, तुमचा ऊस तरी बघू. पोरगा आणि त्याचा बाप तेवढे घरीच थांबले. बांधावरच सुपारी फुटली. परत येतात तो नवरदेव जीपमध्ये जाऊन बसलेला. यात वावगं असं काय होतं? पण रात्ररात्र झोप लागत नव्हती.

त्यात सकाळी निघताना पुष्पावती म्हणाली होती, "आबा, उंच नका घेऊ. बुटकीच आना."

आसारामला राग आला होता. जावयाला बुटकी सायकल द्यायची आणि मांडवात चारचौघांनी हसायचं? चोवीस इंचीच घ्यायची, हे त्यानं ठरवून टाकलं होतं.

स्टँडजवळ बन्सी मिस्त्रीचं सायकलचं दुकान होतं. मिस्त्री माणूस तिरसट, पण कामात पक्का. आसारामनं चोवीस इंची मागितली तर त्यानं उलट विचारलं, "जायचं कुठनं हाय तिनं?"

"केडगावातनं नागापूरला. जावई माळावरनं जवळच्या वाटंनं जात्यात."

"मंग उंच न्हाई चालायची. माळावर धोंडं, घळी. चाक घसरलं की पाय झटक्यात भुईला टेकला पायजे. दांडीच्या वर दोन बोटं जागा ऱ्हायली पायजे, न्हाईतर मानूस दांडीवरच बसतंय. ऐटीला चोवीस, वाटंला बावीस. माप आना इकडं."

त्यानं सुतळी उलगडली, दांडीपासून खाली सोडली आणि थबकला.

"यातली कुठली गाठ धरू?"

सुतळीला दोन गाठी होत्या. दुसरी चुकून पडली असेल असं आसाराम म्हणाला. मिस्त्रीनं मान हलवली. गाठी घट्ट मारलेल्या होत्या, वर दोन्हींना शाई लावलेली होती.

"पाव्हनं, हे चुकून न्हाई. दोन पायांची दोन मापं हायती. एक पाय आखूड हाय तुमच्या जावयाचा."

आसारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऊस बघायची हौस, बांधावरची सुपारी, दाराला लावलेली जीप, सगळं एका झटक्यात उलगडलं. आपल्याला उसात फिरवलं आणि पोरगं गळ्यात मारलं! वीस वर्षं पंचांत बसणारा माणूस, त्याला केडगावच्या मामानं तोंडावर पाडलं होतं.

"भाड्याची सायकल द्या," तो म्हणाला. "चोवीसचीच."

हातातली पिशवी गहाण ठेवून तो थेट जावयाच्या कारखान्याकडं निघाला. नागापूरपर्यंतचा रस्ता फार नाही, पण पुढं कारखान्याकडं वळताना नुसती खडी पसरलेली होती. तिथं चाक घसरलं, पाय टेकायला गेला तर भुई सापडेना, आणि आसाराम धोतरासकट बाभळीच्या काट्यांत गेला. कोपर सोललं. उठून धूळ झाडताना त्याला मिस्त्रीचा आणखीच राग आला, कारण मिस्त्रीचं खरं होतं.

तीनची पाळी सुटली. फाटकातून माणसं बाहेर पडली आणि त्यात गोरक्षनाथ दिसला. डावा खांदा पावलागणिक खाली जात होता. डाव्या चपलेला चामड्याचे थरावर थर शिवलेले होते. आसारामला बघून तो थांबला नाही, लपला नाही. तसाच लंगडत समोर आला.

"मामा, गाठी कळल्या म्हनायच्या."

"त्या दिशी तोंड न्हवतं का तुमाला?" आसाराम म्हणाला. आवाज चढू द्यायचा नाही असं त्यानं वाटेत ठरवलं होतं, पण तो चढलाच.

"हुतं. आमच्या मामांनी आन् बापानं उघडू दिलं न्हाई. ल्हानपनी ताप आल्ता, तवापासून हा पाय वाढला न्हाई. मी सांगनारच हुतो." गोरक्षनाथनं कपाळावरचा घाम पुसला. "मला वाटलं, घरी गेल्यावर तुमाला कळलंच आसंल. पर तुमचा निरोप आला, एकाच पायाचं माप मागितलं. तवा समजलं, तुमाला कुनी बोललंच न्हाई. मंग मी दुसरी गाठ मारली."

"घरी कोन बोलनार मला?"

गोरक्षनाथ जरा घोटाळला.

"तुमी उसात गेल्ता. पुष्पावती कप उचलायला आल्या. माझ्या चपला उंबऱ्यापाशी हुत्या. त्यांनी डावी हातात घेतली, तळ दाबून बघितला, आन् दोन्ही आनून माझ्या पायाशी ठेवल्या. वर बघितलं न्हाई."

लग्न मोडतो म्हणायला आला होता, ते शब्द तोंडातच राहिले. येतोसुद्धा न म्हणता त्यानं सायकल वळवली आणि खडी संपेपर्यंत ती हातानं ढकलत नेली.

सायकल न घेताच तो दिवेलागणीला घरी पोचला. पुष्पावतीनं पाण्याचा तांब्या आणून दिला. तिची नजर आधी अंगणात गेली, मग बापाच्या सोललेल्या कोपरावर.

"तुला ठावं हुतं," आसाराम म्हणाला.

"व्हय."

"मंग बोलली का न्हाईस?"

"बोलले की. बुटकी आना म्हनले."

"तसं न्हवं. सरळ बोलायचं हुतं."

"सरळ बोलले असते तर तुमी मोडलं असतं."

आसारामनं तांब्या तोंडाला लावला. मोडलंच असतं. त्याच संध्याकाळी केडगावला जाऊन, चार माणसांसमोर मोडलं असतं. आणि पोरीला काय वाटतं हे विचारलंही नसतं. आजवर कधी विचारलं होतं? त्याला लाज वाटली.

"आन् तुला चालतंय?" त्यानं विचारलं.

पुष्पावती खाली बसली. "जीपमधी बसताना ते त्यांच्या बापाला म्हनले, मला सांगू द्या, पोरीला फसवून न्हायची न्हाई. बापानं गप केलं. मी दाराआड हुते." मग हात पुढं करून म्हणाली, "सुतळी द्या."

त्यानं खिशातला गुंडा काढून दिला. तिनं तो मांडीवर ताणला आणि दोन गाठींच्या मध्ये आपली बोटं ठेवली. एक, दोन, तीन. चौथं मावलं नाही.

"तीन बोटं," ती म्हणाली. "एवढा ठोकळा बसंल का डाव्या पायडलला?"

आसाराम तिच्या बोटांकडं बघत राहिला. मामावरचा राग गेला नव्हता, आणि तो मांडवात मामाला ऐकवणार होताच. पण जावयावरचा राग या तीन बोटांपाशी येऊन थांबला. डोळे भरून आले ते त्यानं लपवले नाहीत.

"उद्या तूबी चल नगरला," तो म्हणाला. "बावीसची घेऊ. ठोकळा बाभळीचा करू. बाभूळ लवकर झिजत न्हाई."