माळावरचं कासव धरणात

तीन दिवस मी आमच्या मालकाचं डोकं खाल्लं.

"अवो, ही माळावरची कासवं हायती. पान्यात बुडून मरत्याल! मेंढरामागं जलम गेला तुमचा, ठाव न्हाई व्हय?"

"गप बस," मालक म्हनायचे. "तोडल्या उसाचं रान अमरसिंह दादानं दिलंय. ते गेलं तर मेंढरं कुठं न्यायची?"

गावच्या पुढारी दादानं मोबाईलमधी कोकन बघितलं. कासवाची पिल्लं समिंदराकडं पळत्यात, पाव्हने फोटू काढत्यात. झालं, आपल्या माजलगावच्या धरणावर बी तसंच पायजे! पिल्लं हुडकायचं काम आमच्या मालकाला. त्यांनी माळ पालथा घालून बारा आनली. पाटीत नुसती चुळबुळ. माझ्या जिवाची बी तीच गत. धड जेवन न्हाई, धड झोप न्हाई. ठरवलं, धरणावर चारचौघांत सांगायचंच. भेते काय कुनाला?

धरणावर मांडव, भोंगा, शाळंची पोरं. दादा माईकवर म्हनले, "पयलं पिल्लू रतनबाई वैनी सोडत्याल!" अन् पिल्लू माझ्या हातावर ठिवलं. त्याचे पाय तळव्याला खरवडत व्हते. माईक तोंडापुढंच व्हता. मला साठ मेंढ्या दिसल्या, परवा व्यालेली कोकरं दिसली. मी वाकले अन् पिल्लू पान्यात सोडलं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पिल्लू गोट्यावानी खाली गेलं.

धपकन आवाज आला. आमचे मालक फेट्यासकट पान्यात! चाचपून चाचपून पिल्लू वर काढलं अन् वरडले, "एक बी सोडू नगा! माळाचं हाय, पवत न्हाई हे!"

दादाचं तोंड काळंठिक्कर.

"म्हाळू, आजच्या आज रान खाली कर बे."

दिवस मावळायला आमी तलवाड्याच्या वाटंला लागलो. पुढं मेंढरं, माझ्या डोक्यावर अकरा पिल्लांची पाटी. मालकाच्या वल्ल्या फेट्यात ते एक पिल्लू. लई येळानं त्यानं पाय हलवला, तवा माझा जीव भांड्यात पडला. अन् मला रडूच फुटलं.

"तुमीच तर गप बस म्हनत व्हता," मी म्हनले. "मग उडी कावून घातली?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. मागं पडलेलं कोकरू काखंत घेतलं.

"धरणावर तू बोलशील म्हनून म्या गप व्हतो, रतने."