कैचीमामाचे आरसे

कैचीमामाची मान आखडली ती आखडलीच. जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यावर वाकून केस कापलेले, मग मानेनं हिसका दाखवायचाच. ना डावीकडं वळे, ना उजवीकडं. तरी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या दाढ्या करायला मामा मोटरसायकलवर घरोघर फिरायचा. एकदा वळण घेताना मागून आलेला टेम्पो दिसलाच नाही. मामा थोडक्यात वाचला आणि लेकीनं किल्ली काढून घेतली.

आरसे आहेत की, म्हणून मामा तणतणला. लेक म्हणाली, "बाबा, एका आरशात तुमची मिशी दिसते आणि दुसऱ्यात कोपर. टेम्पो कशात दिसणार?"

खोटं नव्हतं. आरसा दिसला की तोंडाकडं वळवायचा, ही धंद्याची खोड. मामानं आरसे बाहेर वळवून पाहिले, तर दोन्हीकडं स्वतःचेच खांदे. मेकॅनिक म्हणाला, सगळ्यांचं असंच असतं, थोडी मान वळवायची. मामा म्हणाला, मान वळली असती तर तुझं तोंड बघायला आलो असतो होय?

पण मामा हट्टाला पेटला होता. म्हातारे दाढी वाढवून वाट बघत असणार.

दुसऱ्या दिवशी दुकानात शेजाऱ्याचे केस कापून झाल्यावर मामानं मागची कटिंग दाखवायला हातातला आरसा धरला. लक्ष कुठं होतं कुणास ठाऊक, नेमका डोक्याच्या पाठीमागंच धरला. शेजारी कुरकुरला, "मामा, माझंच डोकं आडवं येतंय. जरा बाहेर धरा की."

मामानं आरसा बाहेर नेला आणि तसाच उभा राहिला. शेजारी बिचारा खुर्चीत, गळ्यात कापड. मामा मेकॅनिककडं पोचलासुद्धा.

आरशांना लांब दांड्या बसल्या, कोपराच्या बाहेर जातील अशा. मग मामा हेल्मेट घालून, सामानाची पिशवी लावून गाडीवर बसला. मामीनं पुढून हँडल धरलं. कोपराची नुसती कड दिसेल आणि बाकी सगळा रस्ता, असे आरसे मामानं लावून घेतले.

लेक मागून चालत यायला लागली. मामा सांगत गेला: लांब आहेस, जवळ आलीस, आता उजवीकडं. तेवढ्यात ती आरशातून दिसेनाशी झाली. पुढून मामी लेक कुठं आहे ते डोळ्यांनी खुणावत होती.

"तू डोळे फिरवू नकोस," मामा म्हणाला. "रस्त्यावर काय तू पुढं उभी असणार आहेस?" मग घसा खाकरून लेकीला म्हणाला, "आता तू दिसत नाहीस. खरं तेच सांगतो."

मामानं दात आवळले आणि मान जमेना तर अख्खी कंबरच वळवली. लेक खांद्याच्या मागंच उभी होती, हात पुढं करून. हातात किल्ली.

"खोटंच दिसते म्हणाला असता तर गाडी विकलीच असती," ती म्हणाली. "आरशात न दिसणाऱ्या एवढ्या जागेसाठी दर वळणाला अशीच कंबर वळवायची."

मामानं गाडी सुरू केली. सवयीनं हात आरशाकडं गेला, पण अर्ध्यातच थांबला.

"अगं," तो मामीला म्हणाला, "मिशी नीट आहे ना, तूच बघून सांग."