सरांची चौकट

…म्हणजे हीसुद्धा तडकली. नखाएवढी तांब्याची चौकट, मधोमध पापुद्र्यासारख्या काचेची खिडकी, आणि काचेवर केसाएवढी रेघ. आत प्रथिनाचा थेंब गोठून बसलेला. गोठवला नाही तर क्ष-किरणांपुढे तो टिकत नाही. गोठवला की तांबं आकसतं, काचेला ओढतं… तिने चिमट्याने चौकट बाजूला ठेवली. उसासाही टाकला नाही. त्यालाही त्राण लागतं.

चौकटीची ही रचना सरांची. निवृत्त होताना त्यांनी तिच्या हाती दिलेली — "सांभाळ हो." आणि ती सांभाळत आली होती. खिडक्या फुटायच्या, नमुने वाया जायचे, ती बैठकीत चौकटीची बाजू घेऊन भांडायची, खापर कधी काच चिकटवणाऱ्या गोंदावर फोडायची, कधी स्वतःच्या हातांवर. घरी नवरा म्हणायचा, सर तुझे की तू सरांची?

"आज माझ्या सिलिकॉनच्या चौकटी घे," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. "किती जीव जाळशील त्या तांब्यापायी!"

तिने घेतल्या. इतक्या मुकाट्याने, की तिचं तिलाच नवल वाटलं. एकही फुटली नाही. दुपारी पडद्यावर क्ष-किरणांच्या मोजणीची वक्ररेषा उमटली, स्वच्छ, कित्येक महिने हवी होती तशी. आनंद व्हायला हवा होता… पाय दुखताहेत एवढंच जाणवलं.

तेवढ्यात फोन. प्रयोगाच्या दिवशी सरांचा फोन ठरलेला.

"काय गं, टिकल्या का खिडक्या?"

टिकल्या सर — ओठांवर आलंच होतं. पण आज तेवढं खोटं पेलवेना.

"फुटल्या, सर. नेहमीच फुटायच्या. आज दुसऱ्या वापरल्या."

पलीकडे सर चक्क हसले.

"अगं, मला ठाऊक आहे ते! तांबं आणि काच एकत्र नांदायची नाहीत, हे काय मला कळत नाही? मला वाटायचं, तुझाच जीव अडकलाय तिच्यात. म्हणून आपलं विचारायचो."

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी…"

"सोड आता. मलाही कंटाळा आला होता गं."

फोन ठेवून ती तशीच बसली. हसू येत होतं, रागही येत होता. दोन्ही धड येत नव्हते. इतक्या वर्षांचा सगळा थकवा तिने सरांच्या नावावर ठेवला होता, आणि सरांनी तो किती सहज परत केला… आता तो तिचा एकटीचा होता. त्याला कुठे ठेवायचं, तिला सुचेना. मैत्रीण काहीतरी विचारत होती. ती नुसतीच "हं" म्हणाली, आणि तो आवाज तिला कुणा दुसरीचाच वाटला.