गुंडाळलेली वांगी

धाकट्या भावाने, वीरेंद्रने, शेताचा धुरा, म्हणजे बांध, हातभर सरकवला, तेव्हा सानगडीच्या टिकारामने त्याच्या घरचं पाणीदेखील न पिण्याची शपथ घेतली. शपथ वाया जाऊ नये म्हणून ती गावभर स्वतः फिरून सांगितली.

दिवाळीला भंडाऱ्याहून मुलगी रिता आली. तिने पिझ्झ्याचं पीठ मळून लाटलं, फ्रिजमधलं उरलंसुरलं त्यात भरलं, लांब गुंडाळी केली आणि कढईत मिठावर थाळी ठेवून भाजली. कापल्यावर वांगी आणि चीज एकमेकांना घट्ट धरून बसलेली दिसली.

टिकारामने दोन तुकडे खाल्ले. "मस्त जमलं, बाई. वांगी तर माह्या मायच्या हातची वाटून राहिली."

"काकूची आहेत, बाबा. फ्रिजमध्ये वाटीभर होती."

टिकारामने हातातला तुकडा खाली ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. "कधीपासून चालू आहे हे?"

"भांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून," कुंताबाई म्हणाली. "भांडण तुमा दोघाचं. आमच्या वाट्या काहून अडवाच्या?"

"म्हणजे मी रोज त्याच्या घरचं खाऊन राहिलो?"

"रोज नाही. एकादशीले नाही."

"त्याले ठाऊक आहे?"

"तोच तं सांगते, 'वहिनी, दादाले पित्त होते, तिखट कमी घालाले लावलं आहे.'"

धुरा सरकला तेव्हा एकटा भाऊ फितूर होता. आता घरातलं स्वयंपाकघरच फितूर निघालं होतं, आणि तिखटही बेताचं होतं.

मग टिकारामने ठेवलेला तुकडा उचलला आणि सगळ्यांकडे पाठ करून खाल्ला.