मानाचं मशीन

काउंटर उघडायच्या आधीच गुरुदासभाऊंचा फोन आला. "सँड्रीना गो, खिडकीकडला मशीन मोकळा ठेव. आज मोंडकर शेठ येतले. दुसऱ्या कोणाक थंय बसवू नको, कळला मां?"

कळलं होतं. कालपासून तेच तर चाललं होतं. गुरुदासभाऊ आमच्या ट्रस्टचे सेक्रेटरी आणि मी कणकवलीतल्या त्यांच्या डायलिसिस सेंटरच्या काउंटरवर बसते. किडनी गेलेल्या माणसांचं रक्त इथे मशीनवर साफ होतं. मशिनं मोजकी, माणसं भरपूर, म्हणून प्रत्येकाची पाळी ठरलेली. ती पाळी सांभाळणं हे माझं काम. लोक रडतात, ओळखी सांगतात, कोणी माझ्या आईपर्यंत जातात. मी ऐकत नाही. माझी जीभ तिखट आहे असं स्टाफमध्ये बोललं जातं. बोलू देत.

पण मोंडकर शेठ देणगीदार. मूळचे नांदगावकडले, मुंबईत धंद्यात वर आलेले. खिडकीजवळचं मशीन त्यांनीच दिलेलं, त्यावर त्यांच्या आईच्या नावाची पाटी आहे. दिलं तेव्हा ते ठणठणीत होते. आता त्यांच्याच किडन्या गेल्या. सुट्टीत देवबागला उतरलेत, म्हणून आजचं डायलिसिस आमच्याकडे. आणि शेठ आलेच आहेत तर वरच्या हॉलमध्ये सत्कारही. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं.

म्हणजे कोणाला तरी हलवायला हवं. सकाळचं ते मशीन काशीबाई घाडींचं. काल मी त्यांना फोन केला तेव्हा मनातून वाटत होतं, म्हातारीने भांडावं, म्हणजे मलाही भाऊंशी भांडता येईल. पण ती म्हणाली, "शेठ येतत? मगे येंवदेत गो. देणाऱ्याचो मान नको? मी दोपारी येतंय."

आमच्याकडे हे असंच. जत्रेत मानकऱ्याआधी कोणी पुढे होत नाही, आणि नाही होत याचं कोणाला काही वाटतही नाही. मी वहीत तिची पाळी दुपारवर टाकली.

तर ती दुपारी यायची काशीबाई सकाळीच दारात. रिक्षावाल्याने धरून आत आणलं. चेहरा सुजलेला, ओठ काळपट, आणि श्वास असा की एक शब्द बोलला की थांबावं लागत होतं.

"काशीबाई! दुपारी सांगितलं होतं ना?"

"रात्रभर... निजूक नाय. काल देवळात जेवाण होता. कढी... बरी झालली."

"किती प्यायलात?"

ती नुसती हसली. मला इतका राग आला! लघवी होत नाही, प्यालेलं पाणी अंगातच राहतं, मग ते छातीत चढतं. शंभरदा सांगून झालंय. पण रागवायची ती वेळ नव्हती. मी तिला बाकावर टेकवलं आणि आत गेले.

आत आमचा टेक्निशियन शिवा. सगळी मशिनं चालू, फक्त खिडकीकडचं तयार करून मोकळं ठेवलेलं. गादीवर नवी चादर, बाजूला फुलदाणी. शेजारच्या मशीनवर मालवणचा जासिंत. पहाटेच्या पाळीचा, त्यामुळे पाहत पडलेला.

"त्या गादयेर कोण देव येतलो काय गो?" तो म्हणाला.

मी शिवाला म्हटलं, "काशीबाईंना धाप लागलीय. घे त्यांना."

"शेठचं मशीन आहे ते."

"शेठ वर शाल घेतायत. अजून खाली आलेले नाहीत."

"येतीलच. सँड्रीना, त्यांनी दिलं नसतं तर हे मशीनच नसतं. मग काशीबाई कोल्हापूरला गेल्या असत्या. एवढं तरी नको का करायला त्यांच्यासाठी?"

ते खरंच होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही नोकरी हवी आहे. मी बाहेर येऊन काशीबाईला ऑक्सिजन लावला आणि म्हटलं, "जरा कळ काढा." मग काउंटरवर बसून राहिले. फोन घेतले, पाळ्या सांगितल्या. पण कान तिच्या श्वासाकडे. घरघर वाढत होती. डॉक्टरांना फोन लावला. तेही वर स्टेजवर, फोन बंद.

शेवटी जिना चढून वर गेले. हॉलच्या दारातच गुरुदासभाऊंनी अडवलं.

"आता मधी नको. गाऱ्हाणा चल्ला हा."

खरंच, गावचे एक म्हातारे स्टेजवर नारळ धरून देवाला शेठचं आयुष्य मागत होते आणि सगळा हॉल ओरडत होता, "व्हय म्हाराजा!" शेठ शाल पांघरून, हात जोडून मध्ये बसलेले.

"भाऊ, खाली काशीबाई गुदमरतेय. मशीन मोकळं पडलंय."

"अगो, माणूस गावाक इलो, त्येचो मान ठेवक नको? धा मिनिटा थांब."

मी खाली आले. जिन्यातही ऐकू येत होतं, व्हय म्हाराजा. काशीबाईने डोळे मिटले होते. मी हलवलं तर तिला डोळे उघडायलाही वेळ लागला. जेजू, वाचव तिला! मी आत धावले.

"शिवा, घे तिला. आत्ताच्या आत्ता."

"आणि जबाबदारी?"

"माझी! माझी रे बाबा! तू सुई टोच!"

त्याने टोचली. नळ्या लाल झाल्या, मशीन सुरू झालं. नवी चादर काशीबाईच्या पाठीखाली चुरगळली. तेवढ्याने काही तिची धाप लगेच बसली नाही, पण मी भिंतीला टेकून स्वतःचा एक श्वास घेतला.

काशीबाईच्या चेहऱ्यावर जरा रंग दिसायला लागला तेव्हा कुठे जिन्यावर पावलं वाजली. शेठ, गुरुदासभाऊ, मागे हार सांभाळणारे चार लोक. भाऊंनी काचेतून आत पाहिलं आणि माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा लालेलाल झाला होता.

"ह्या काय केलंस तू?"

मी शेठना सांगितलं, "सर, इमर्जन्सी होती. पुढचं मशीन मोकळं झालं की तुम्हाला घेते. बसा."

शेठ बाकावर बसले, खांद्यावर शाल तशीच. पण आतून काशीबाईने त्यांना पाहिलं आणि तिची चुळबुळ सुरू झाली. "शिवा, माका काढ रे. शेठ भायर आणि मी त्येंच्या मशिनीर? ह्या बरा दिसना नाय."

"बघ! ती सोताच सांगता!" गुरुदासभाऊ म्हणाले.

शेठ उठले. चपला काढल्या. अगदी सभ्यपणे म्हणाले, "आजींची हरकत नसेल तर..."

मी दारात उभी राहिले. आवाज मोठाच निघाला. "नाही सर. त्यांचं पाणी अजून निघालेलं नाही. आता काढलं तर त्या मरतील."

शेठ मागे होऊन बसले. भाऊ फोन काढून बाहेर गेले. बहुतेक अध्यक्षांना लावला असणार. गेली नोकरी, असं मी मनात म्हटलं, आणि खोटं कशाला बोलू, मला जरा गर्वच वाटला.

मग शेठ हळूच म्हणाले, "मॅडम, मला काही होणार नाही ना? बोटांना मुंग्या येतायत. छातीत मध्येच धडधडतं."

"वर काही खाल्लंत?"

"शहाळं दिलं. ते संपलं तर दुसरं. इतक्या प्रेमाने पुढे केलं, नाही म्हणवेना."

शहाळं! किडनी गेलेल्या माणसाला! त्यातल्या पोटॅशियमने हृदय थांबतं. आमच्या प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवशी आम्ही हेच सांगतो. वर डॉक्टर होते, सेक्रेटरी होते, आणि पाहुण्याला शहाळं दिल्याशिवाय कोणाला चैन पडलं नाही. माझा सगळा गर्व तिथल्या तिथे उतरला. मी "डॉक्टर!" म्हणून किंचाळले.

डॉक्टर जिना उतरून धावत आले. शेठच्या छातीला वायरी लावल्या, ईसीजीची पट्टी पाहिली, इंजेक्शन दिलं. "यांना लगेच मशीन हवं. हे औषध थोडाच वेळ पुरेल." काचेतून काशीबाईकडे पाहून त्यांनी मान हलवली. "आजींना नाही काढता येणार. सँड्रीना, कोणाचं संपत आलंय?"

जासिंतचं. अर्धा तास राहिला होता. मी त्याच्याजवळ गेले.

"जासिंत, आज थोडां लवकर काढू? अर्ध्या तासाचो प्रश्न."

"कोणासाठी?"

"भायरच्या पेशंटसाठी."

"शेठ मां?" तो मोठ्याने म्हणाला. "शेठासाठी मी उठाचंय नाय. माझी पाळी, माझो टाइम."

"अरे, तो मरात रे! शेठ म्हणान नाय सांगणंय मी. खराच!"

"सकाळधरना ता मशीन रिकामा होता," जासिंत म्हणाला. "काशीबाय भायर घुसमटत होती. हयसर आवाज येय होतो माका. तेवा तू खंय होतंस गो?"

काउंटरवर, असं मी म्हणू शकले असते. तेवढ्यात बाहेर शेठना लावलेल्या मॉनिटरची पिपाणी वेडीवाकडी वाजायला लागली.

जासिंतने ती ऐकली. मग सुया काढायला हात शिवाकडे केला आणि माझ्याकडे न बघता भिंतीकडे तोंड वळवलं.