रुमाल तेवढे बांधून ठेवा

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे. नाक पुसायचा नव्हे, पोथी बांधायचा. वऱ्हाडातल्याच कापसाचा, लाल रंगवलेला चौकोन. १९०९ साली आसेगावचे जमीनदार पुंजाजी यांनी मला एका हस्तलिखित पोथीभोवती गुंडाळलं. गुरांच्या रोगांवरची पोथी होती.

तेव्हापासून आमचा संसार. सुख मात्र तिच्या वाट्याला. पाहुणे आले की पुंजाजी माझी गाठ सोडत, मला बाजूला टाकत आणि तिला मांडीवर घेत. "काय अक्षर! काय शाई!" धूळ मी खाल्ली, ओल मी प्यायलो, कसरीनं भोकं मला पाडली. कौतुक तिचं.

माझं दुःख घरात एकटीलाच कळत असावं. पुंजाजींच्या पत्नी आवडाबाई.

"माह्यासंगं बोलाले तुमाले वेळ नाई, अन् तिले मांडीवर घेऊन बसता!"

"ते भांडत नाई ना," पुंजाजी म्हणत.

१९३८ मध्ये पुंजाजी वारले. शहरातल्या विद्यापीठात संशोधनाचं ग्रंथालय उभं राहत होतं. वडिलांच्या पोथ्यांच्या संग्रहावरच ते उभारावं, असं मुलानं, शालिग्रामनं ठरवलं. घराच्या भिंतींना उधई, म्हणजे वाळवी, लागली होती. इथं पोथ्या टिकणार नव्हत्या. पण जन्मभर पोथ्यांचा हेवा केलेल्या आवडाबाईच आता आडव्या आल्या.

"त्यायचा हात फिरला हाये तिच्यावर. नाई देत."

विद्यापीठाचे ग्रंथपाल आले तेव्हा शालिग्राम वाशीमला गेला होता. ग्रंथपाल पुण्याकडचे. फळीवरच्या गाठोड्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, रुमाल तेवढे बांधून ठेवा. सोमवारी गाडी पाठवतो."

त्यांच्याकडे रुमाल म्हणजे आतल्या कागदांसकट अख्खं गाठोडं. आमच्याकडे त्याला बस्ता म्हणतात. रुमाल म्हणजे नुसतं फडकं.

"फडके पायजेत म्हने त्याले!" आवडाबाईंनी शेजारच्या सोजरबाईंना सांगितलं. त्या किती दिवसांनी हसल्या.

"शिकेल मानूस दिसते," सोजरबाई म्हणाल्या. "दे बापा. भांडे पुसत असतीन तेथं."

आम्हा सगळ्या रुमालांना धुऊन, घडी घालून, बांधून गाडीत चढवलं. पोथी फळीवर उघडी राहिली. तिला सोडून कोणी मला मागितलं, हे पहिल्यांदाच घडत होतं. रस्ताभर मी ताठ होतो.

ग्रंथालयात गठ्ठा सुटला. ग्रंथपालांनी मला उलटं केलं, सुलटं केलं, झटकलं. मग खुर्चीवर टेकले.

आम्हाला घेऊन ते स्वतः परत आले, तोवर उधई फळीपर्यंत चढली होती.

"माय, रुमाल म्हंजे बस्ता!" शालिग्राम ओरडला.

"मंग बस्ता म्हनाले काय झालं होतं त्याले?"

बोलता बोलता आवडाबाईंनी माझी पोथी उचलली. शेवटच्या पानांची चाळणी झाली होती. त्यांनी पदरानं माती पुसली, त्या तिथंच बसल्या आणि ग्रंथपालांना म्हणाल्या,

"घेऊन जा, बापू. माह्यापाशी नाई वाचत ते."

त्यांनीच तिला माझ्यात बांधलं. तिच्यासाठी त्या रडल्या. मी भिजलो.

आता आम्ही विद्यापीठात, काचेच्या कपाटात आहोत. कपाटावर पुंजाजींचं नाव आहे. आतल्या चिठ्ठीवर पोथीचं नाव आहे. माझं कुठंच नाही.

मित्रांनो, तुम्ही इथं याल. तिलाच मागाल, ठाऊक आहे. वाचा. पण वाचून झालं की तिला उघडी टाकून जाऊ नका. मला झटका, तिच्याभोवती नीट गुंडाळा आणि गाठ मारा. जरा घट्टच मारा. मी आहे, हे तिला कळू द्या.